पूर्वेकडच्या तीन खिडक्या

"मग खिडक्या आणू कुठून मी आता? कागदावर आहेत ना त्या!"

"कागदावर आहेत तर कागदावरच राहू देत. भिंतीवर नकोत."

"ताई, ती मॅडम दुपारी येणार. अहवाल उघडणार. भिंतीकडे बघणार. काय दिसणार तिला?"

"भिंत."

"तेच सांगतोय ना मी!"

"मग भांडतोयस कशाला?"

मामाने कपाळावर हात मारून घेतला. हाताला पांढरा रंग होता, तो तसाच कपाळावर उमटला. एरवी मावशीने पदराने पुसला असता, किंवा निदान 'शोभतोयस' तरी म्हटलं असतं. त्या सकाळी ती नुसती बघत राहिली. उलट्या ठेवलेल्या लाकडी पेटीवर बसली होती, पाय लांब करून, आणि चप्पल काढून एका पायाने दुसऱ्या पायाची टाच दाबत होती.

"दुपारपर्यंत वेळ आहे," मामा पुन्हा सुरू झाला. "तेच पडदे, तेच झाड, तोच उजेड. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"कुणाच्या बापाला कळलं नाही म्हणूनच ही पाळी आली, रंग्या."

ही माझी मावशी, आणि हा माझा मामा. दोघं माझ्या आईची सख्खी भावंडं. आजोबा एका फिरत्या नाटक कंपनीत शिंपी होते, त्यामुळे तिघांचं बालपण कपड्यांच्या ट्रंकांवर झोपून गेलं. आई वेळेवर लग्न करून सुटली. मामा कंपनीच्या पेंटरच्या हाताखाली लागला आणि 'रंग्या' झाला. मावशी स्टेजवर गेली. उंच आणि सडपातळ होती म्हणून तिला मुलग्यांची कामं मिळायची. राजपुत्र, गुराखी, चोर. मग एका वर्षी कंपनीतली आईची कामं करणारी बाई भांडून निघून गेली आणि मावशीच्या केसांना पावडर लागली ती कायमची. ती सांगते, "मी एकदम पोरगा होते, ती एकदम आई झाले. मधल्यामध्ये बाई व्हायचं राहूनच गेलं."

कंपनी बुडाली तेव्हा मामा सरकारी नाट्यगृहाच्या रंगशाळेत चिकटला आणि मावशी सरकारी शाळेत. चित्रकला, गाणं, नाटक, शिवण, जे जे परीक्षेत नाही ते ते सगळं मावशीकडे. वार्षिक परीक्षा जवळ आली की गणिताचे सर दारात उभे.

"बाई, आजचा तास द्याल का?"

"घ्या. पण मला एक सांगा सर, गणिताने कधी आपला तास मला दिलाय?"

सर हसायचे आणि तास घेऊन जायचे. मावशीही हसायची. पण तास गेलेलाच असायचा.

तिचा डोळा मात्र पक्का होता. वर्गात सत्तर पोरं असली तरी त्यातलं एक कुणीतरी वेगळं आहे, हे तिला लगेच कळायचं. मुलगी फळा पुसायला हात फिरवते, पण तो हात नाचतोय. मुलगा शिक्षकांची नक्कल करतो, पण नकलेत चेष्टा नाही, दया आहे. अशा पोरांना ती शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायची. मुख्याध्यापकांनी वीजबिलाचं कारण काढून बाहेर काढलं, तेव्हा तिने गावातलं जुनं अग्निशमन केंद्र मागितलं. बंबवाले नव्या इमारतीत गेले होते, जुनी इमारत रिकामीच होती.

ती जागा मी नीट सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. दोन बंब उभे राहतील एवढी मोठी मोरी समजा. जमीन सिमेंटची, मध्यभागी पाणी वाहून जायला चर. समोर दोन लोखंडी शटर, त्यातलं एक गंजून अर्ध्यावर अडकलेलं. तीन बाजूंना सलग भिंती. बंबाला खिडकी कशाला लागते? त्यामुळे खिडकी एकही नाही. मागे उंच मनोरा, त्यात पूर्वी ओले पाइप वाळत घालायचे. गाणारी पोरं त्या मनोऱ्यात उभी राहायची, कारण आवाज वर जाऊन गोल होऊन खाली यायचा. उन्हाळ्यात नाचणारी पोरं घेरी येऊन पडायची. नाचताना चरात पाय मुरगळला नाही असं एकही पोर मावशीकडून गेलेलं नाही.

आणि पोरं जायचीच. तेच तिचं दुखणं होतं. दिवसभर शाळा, संध्याकाळी बंबखाना, घरी गेल्यावर गृहपाठ. पंधरा-सोळा वर्षांची झाली की आई-बाप म्हणायचे, पुरे आता. एक मुलगा अंगात हाडं नसल्यासारखा नाचायचा, तो पार्सलच्या गोदामात वजन करतो. मनोऱ्यात जिचं गाणं ऐकायला बाहेर सायकली थांबायच्या, ती औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसते. मावशी गोळ्या आणायला मुद्दाम दुसऱ्या दुकानात जाते. मी एकदा विचारलं, का गं? तर म्हणाली, "ती मला बघून ओशाळते. तिने का ओशाळायचं? ओशाळायचं तर मी."

म्हणून तिला वर्ग नको होता, शाळा हवी होती. सकाळी भाषा-गणित, दुपारी कला, पगारी शिक्षक, खर्च सरकारचा, फी नाही. म्हणजे पोराने गाणं निवडलं तर त्याला शिक्षण सोडावं लागणार नाही आणि शिक्षण निवडलं तर गाणं. एवढंच तिचं मागणं. ते घेऊन ती शिक्षण खात्यात किती वर्षं गेली ते तिला विचारू नका, ती साहेबांवरून काळ मोजते. "टकल्या साहेबाच्या वेळी पहिला अर्ज. मग तो खोकणारा आला. मग हसरा." खोकणारे साहेब वारले तेव्हा मावशी मयतीला गेली आणि तिथेच नव्या साहेबांना गाठलं.

"अहो बाई, ही काय वेळ आहे?"

"ऑफिसात तुम्ही मीटिंगमध्ये असता, साहेब. इथे मोकळे दिसलात."

शेवटी समिती नेमली गेली. तिघांची समिती येऊन जागा, मुलं, वर्ग बघणार आणि शाळेची गरज आहे की नाही ते सांगणार.

आता कुठल्याही शहाण्या माणसाने काय केलं असतं? जागा होती तशी ठेवली असती. किंबहुना दोन ठिकाणी सिमेंट उखडून ठेवलं असतं. पण ही नाटकातली माणसं. कुणी बघायला येणार म्हटल्यावर यांच्या डोक्यात पहिला विचार येतो तो सेटचा. मावशी म्हणाली, "पाहुण्यांसमोर मी पोरांना या घाणीत उभं करणार नाही." आणि मामाचे डोळे चमकले.

त्याने नाट्यगृहातून लाकडी चौकटीवर ताणलेली कापडं आणली आणि पूर्वेच्या भिंतीपुढे हातभर अंतर सोडून उभी केली. त्यावर खिडक्या रंगवल्या. तीन. उंच, जुन्या पद्धतीच्या, वरच्या सज्ज्यासकट. काचांच्या जागी पातळ कापड, त्यावर बाहेरचं झाड, आणि मागून दिवा. म्हणजे झाडातून ऊन येतंय असं वाटावं. खिडक्यांना खरे पडदे लावले आणि कापडामागे टेबलफॅन ठेवला. चरावर फळ्या टाकून त्याला लाकडी जमिनीचा रंग दिला. मावशीने आजोबांच्या ट्रंकेतले कपडे काढून पोरांना सारखे गणवेश शिवले. मी आवाजाची शिक्षिका झाले होते. मला तर दोन वाक्यंही होती.

समिती आली. पोरं अशी नाचली, अशी गायली की काय सांगू. अध्यक्षांनी डोळे पुसले. मग थेट खिडकीजवळ जाऊन उभे राहिले.

"झाड कसलं हो हे?"

"बदामाचं," मावशी म्हणाली. क्षणाचाही विलंब नाही. आईची कामं केलेली बाई.

"छान वारा आहे."

"आहे खरा."

महिन्याभराने अहवाल आला. सदर केंद्र अत्यंत सुस्थितीत असून पूर्वेकडील तीन प्रशस्त खिडक्यांतून भरपूर प्रकाश व वारा येतो. मुलांचं शिक्षण उत्तम चालू आहे. सबब वेगळी शाळा काढून शासनाने खर्च करण्याची गरज दिसत नाही.

मावशीने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा माझं नाटक हाउसफुल्ल गेलं, आणि तेच मला नडलं."

त्यानंतर ती पुन्हा खात्याच्या पायऱ्या चढली. तिथे एक नवीन मॅडम होत्या, फाइल बंद करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. मावशीने त्यांना एवढंच म्हटलं, बंद करण्याआधी एकदा स्वतः बघून जा. का कोण जाणे, पण त्या हो म्हणाल्या.

त्या दिवशी त्या येणार होत्या.

"समज, तिने विचारलं, खिडक्या कुठे गेल्या, तर?" मामा हट्ट सोडेना.

"तर सांगेन. खोट्या होत्या."

"कुणी केल्या विचारलं तर?"

"मी."

"तू?" मामा हसला. "तुला धड सफरचंद काढता येत नाही. तुझ्या सफरचंदाला लोक वांगं म्हणतात."

"रंग्या, तू सरकारी नोकरीत आहेस. सरकारच्या कापडावर सरकारला फसवलंस, असं कुणी बोललं तर पेन्शन जाईल तुझी. घरी वहिनीचं औषधपाणी आहे. तू आज कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. तू इथे पाणी मारायला आलेला माणूस. कळलं?"

मामा पुटपुटत कोपऱ्यात गेला. खिडक्यांची ती कापडं तिथेच भिंतीला टेकून ठेवली होती, कोरी, पांढरी. कंपनीचा नियमच तो: खेळ संपला की दुसऱ्या दिवशी कापड पांढरं करायचं. कापड महाग, पुढच्या नाटकाला तेच लागणार. मामाने उभ्या आयुष्यात केलेल्या सगळ्या महालांवर, जंगलांवर आणि समुद्रांवर स्वतःच्या हाताने पांढरा फासला होता. या खिडक्यांवरही समिती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फासला. सवयीने. कुणाच्या मनातही आलं नाही की त्या ठेवाव्यात.

मॅडम ठरल्या वेळेनंतर बऱ्याच उशिरा आल्या. ऑफिसची गाडी मिळाली नव्हती, शेवटचा रस्ता चालत आल्या होत्या. मावशीपेक्षा वयाने पुष्कळ लहान, पण चेहऱ्यावरचा थकवा सारखाच. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं आणि शटरखालून वाकून आत शिरल्या. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागला. मग त्या पूर्वेच्या भिंतीपाशी जाऊन थांबल्या.

"खिडक्या?"

"नाहीत," मावशी म्हणाली.

"बुजवल्यात?"

"नव्हत्याच कधी."

मॅडमनी पिशवीतून अहवाल काढला, चष्मा लावला, वाचला, चष्मा काढला. भिंतीवर हात फिरवला. एके ठिकाणी मामाने सकाळी ओल लपवायला पांढरा मारला होता, तो बोटांना लागला.

"हा रंग ओला आहे, बाई."

"हो, पण तो..."

"म्हणजे खिडक्या बुजवून वर रंग दिलात. जागा वाईट दिसावी म्हणून. बाई, मी तुमच्यासाठी रजा टाकून आले आहे."

"मॅडम, देवाशपथ सांगते, खिडक्या कापडावर रंगवलेल्या होत्या. तुम्ही बाहेरून बघा. बाहेर आख्खी भिंत आहे, तिला लागून दुसरी इमारत आहे."

त्या बाहेर जाऊन बघून आल्या. "बाहेर पत्रे ठोकलेत. मागचं काही दिसत नाही."

"पत्रे शेजाऱ्याने ठोकलेत, त्याचा..."

"आणि झाड? अध्यक्षांनी बदामाचं झाड लिहिलंय."

मला हसू यायला लागलं. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदा या खात्याशी निव्वळ खरं बोलत होती आणि तेवढंच कुणाला पटत नव्हतं.

"मीच रंगवल्या," ती म्हणाली. "मी नाटकातली बाई आहे."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही. "अध्यक्ष स्वतः आर्किटेक्ट आहेत, बाई. चाळीस वर्षं इमारती बांधल्यात त्यांनी. ते खिडकीपाशी उभे राहिले होते. असं कुणी रंगवू शकत नाही की त्यांना कळणार नाही. शक्यच नाही."

कोपऱ्यात काहीतरी हललं.

"आणि त्यांना वारा लागला होता," मॅडम पुढे म्हणाल्या. "रंगवलेल्या खिडकीतून वारा कसा येईल?"

"टेबलफॅन," मामा म्हणाला.

मावशीने डोळे मिटले.

"मागे टेबलफॅन होता," मामा उठून पुढे आला. आता त्याला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "एक नंबरवर. दोनवर ठेवला तर पडदा फडफडतो, खोटा वाटतो. एकवर नुसता श्वास घेतल्यासारखा हलतो. आणि ऊन म्हणाल, तर दिव्याला पिवळा कागद एकच लावायचा. लोक दोन लावतात, मग संध्याकाळ होते. अध्यक्ष आर्किटेक्ट आहेत ना? म्हणून तर मी सज्ज्याची सावली बरोबर अकराच्या उन्हाची टाकली होती. दुसऱ्या कुणाला तेवढी मेहनत नसती केली."

बोलून झालं तेव्हा त्याच्या लक्षात आलं. हात हवेत तसेच राहिले.

"तुम्ही कोण?" मॅडमनी विचारलं.

"मी... पाणी मारायला."

"भाऊ आहे माझा," मावशी म्हणाली. 

"कुठे असता?"

मामा मावशीकडे बघत होता, मावशी जमिनीकडे. "नाट्यगृहात," तो शेवटी म्हणाला. "रंगशाळेत."

"सरकारी."

"हो."

मॅडम मावशीच्या पेटीवर जाऊन बसल्या. मग त्यांनी हळू आवाजात, फाइलमधलं वाचून दाखवावं तसं सांगायला सुरुवात केली. "मला पटलंय. पण माझ्या पटण्याला अर्थ नाही. मी खिडक्या नाहीत असं लिहिलं तर कागद अध्यक्षांकडेच जाणार आणि ते म्हणणार, मी डोळ्यांनी पाहिल्या, यांनी बुजवल्या. मग शाळा तर नाहीच, ही जागाही काढून घेतील. दुसरा रस्ता एकच आहे. सोमवारी ते कार्यालयात आहेत. तिथे येऊन त्यांच्यासमोर एक खिडकी रंगवून दाखवायची. माणूस रागावेल, पण खोटं नाही म्हणू शकणार. एकदा त्यांनी पहिला अहवाल मागे घेतला की बाकीचं मी बघते. पुढच्या वर्षापासून शाळा होऊ शकते. खरी."

"आणि रंगवणाऱ्याचं काय?" मावशीने विचारलं.

"ते मी सांगू शकत नाही. चौकशी होईल. माझ्या हातात ते खातं नाही." त्या उठल्या. "नाव मी लिहिलेलं नाही. सोमवारी कुणी आलं नाही, तर मी इथे भाऊ पाहिलाच नाही. फाइल बंद करीन."

शटरखालून वाकून त्या गेल्या. जाताना मावशीच्या दंडाला ओझरता हात लावून गेल्या.

मावशी बराच वेळ उभीच होती. मग जाऊन पेटीवर बसली.

"मी एकटी जाते," ती म्हणाली. "मी शिकते. आज शुक्रवार. तू मला दोन दिवसांत एक खिडकी शिकव."

"ताई, वांगं."

"मग लहान खिडकी. झरोका."

मामा हसला नाही. मीही नाही. बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली होती. थोड्या वेळात पोरं येणार होती, त्यांच्यापैकी तिघं यंदा पंधरा पूर्ण करणार होती.

"तुला ये म्हणणार नाही मी," मावशी म्हणाली. "मी कोण सांगणारी? वहिनी आहे, घर आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाटकाचे पडदे रंगवलेस, आता जरा बसून खायचे दिवस आलेत. मी सांगणार नाही."

"मग सांगू नकोस."

"नाहीच सांगत."

"मग गप्प बस ना!"

"गप्पच आहे मी!"

मावशीच्या टाचा सुजल्या होत्या, तिने चप्पल चढवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. इतक्या साहेबांसमोर उभी राहिलेली ही बाई, मी तिला कधी कुणाकडे स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. तिने मान वर केली. आवाज अगदी साधा होता, भाजी आणशील का विचारावं तसा.

"येशील का रे, सोमवारी?"

मामाने खांद्यावरचं फडकं काढून हात पुसले. बोटांच्या पेरांतला रंग निघेना, तरी पुसत राहिला. मग ते फडकं चरापाशी टाकलं, अडकलेल्या शटरखाली वाकला आणि बाहेर पडला. येणाऱ्या पोरांनी त्याला वाट करून दिली. 'मामा, मामा' अशा हाका ऐकू आल्या. त्यांनाही त्याने काही उत्तर दिलं नाही.